एटीएममध्ये चालणारा पिन परदेशातल्या दुकानात 'चुकीचा' का ठरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परदेशी निघण्याआधी काही दिवस तुम्ही बँकेच्या अॅपवरून डेबिट कार्डाचा पिन बदललात. तिथे पोहोचल्यावर त्याच नव्या पिनने एटीएममधून पैसे निघाले. दुकानात मात्र मशीनमध्ये कार्ड घातल्यावर तोच पिन 'चुकीचा' आला, आणि तीनदा टाकल्यावर पिन लॉक झाला. बँकेला फोन केलात तर त्यांचं उत्तर, 'आमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय.' त्यातच रेल्वे स्थानकावरच्या तिकीट मशीनने तुमच्या क्रेडिट कार्डाचा पिन मागितला, जो तुम्हाला आजवर कधी लागलाच नव्हता. परदेशासाठी वेगळा पिन असतो का, आणि पुढच्या वेळी हे टाळायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

परदेशासाठी वेगळा पिन नसतो. पण एकच पिन दोन जागी ठेवलेला असू शकतो, आणि तुमच्या बाबतीत त्या दोन जागी दोन निरनिराळे आकडे होते. तुमच्या वर्णनावरून मला याची जवळजवळ खात्री वाटते. मी बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात नाकारलेले व्यवहार तपासण्याचं काम केलं आहे, आणि 'एटीएममध्ये चालतो, दुकानात नाही' ही तक्रार आली की सगळ्यात आधी हीच शंका यायची. क्रेडिट कार्डाचा प्रकार याहून अगदी वेगळा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

आधी त्या दोन जागांबद्दल. एक जागा म्हणजे बँकेची यंत्रणा. तुम्ही पिन टाकता, तो मशीनमध्येच सांकेतिक रूपात बदलतो, नेटवर्कवरून तुमच्या बँकेपर्यंत जातो, बँक तो ताडून बघते आणि हो किंवा नाही कळवते. याला ऑनलाइन पिन म्हणतात, आणि एटीएमवर हीच पद्धत चालते. दुसरी जागा म्हणजे कार्डावरची चिप. काही देशांतल्या दुकानांमध्ये मशीन तुम्ही टाकलेला पिन थेट चिपला देतं, चिप आपल्याजवळच्या पिनशी तो जुळवते आणि जागच्या जागी उत्तर देते. बँकेला त्या क्षणी विचारलंही जात नाही. हा ऑफलाइन पिन.

हा फरक पडला तो इतिहासामुळे. फ्रान्समध्ये १९९२ सालापर्यंत बँकांच्या कार्डांवर चिप आली होती. त्या काळी प्रत्येक खरेदीसाठी फोनची लाइन जोडून बँकेला विचारणं महाग आणि वेळखाऊ होतं, म्हणून खात्री करण्याचं काम चिपवरच सोपवलं गेलं. पुढे युरोपे (Europay), मास्टरकार्ड आणि व्हिसा या कार्ड कंपन्यांनी मिळून चिप कार्डांचं जे सामायिक मानक तयार केलं, त्यात ही सोय कायम राहिली. ब्रिटनने १४ फेब्रुवारी २००६ पासून दुकानांत सहीऐवजी पिन रूढ केला, तोही मुख्यतः चिपमध्येच तपासला जाणारा. अमेरिकेत मात्र बँकेला विचारणं आधीपासूनच स्वस्त होतं, त्यामुळे तिथे चिप उशिरा आली आणि सहीची सवय बरीच टिकली. काही देशांनी चिप स्वीकारली पण पिन कायम बँकेकडेच तपासला. अशा देशातलं कार्ड वर्षानुवर्षं वापरलं तरी त्याच्या चिपमधला पिन एकदाही विचारला जात नाही. तो पहिल्यांदा उघडा पडतो परदेशात.

आता तुम्ही पिन बदललात तेव्हा काय झालं ते बघा. अॅपवर नवा पिन टाकला की बँकेकडची नोंद त्याच क्षणी बदलते. पण कार्ड तर तुमच्या पाकिटात आहे, चिपपर्यंत ती बातमी पोहोचणार कशी? त्यासाठी कार्ड एखाद्या मशीनमध्ये घातलेलं असावं लागतं, व्यवहार बँकेपर्यंत जावा लागतो, आणि बँकेने परत येणाऱ्या उत्तरासोबत चिपसाठी एक छोटी आज्ञा पाठवावी लागते: 'तुझ्याकडचा पिन आता हा कर.' नुसतं टॅप करून हे होत नाही, कारण उत्तर परत येईपर्यंत कार्ड मशीनपासून दूर गेलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, मी तर परदेशातल्या एटीएममध्ये कार्ड घातलं होतं, मग तेव्हाच का नाही बदललं? इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलतं. काही बँका ही आज्ञा फक्त आपल्या स्वतःच्या एटीएमवरूनच देतात. काही एटीएम कार्ड वाचून लगेच परत देतात आणि मग बँकेला विचारतात, म्हणजे आज्ञा येते तेव्हा चिप तिथे नसतेच. काही बँकांच्या कार्डांवर ऑफलाइन पिनची सोयच नसते, त्यांच्या ग्राहकांना ही अडचण येणारच नाही. तुमच्या बँकेचं नेमकं काय आहे ते बँकच सांगू शकेल, पण विचारायचं कसं हे माहीत असावं लागतं. त्यावर शेवटी बोलतो.

मशीनकडे नीट लक्ष दिलं तर पिन कुठे तपासला जातोय हे उभ्या उभ्या ओळखता येतं. पिन टाकून हिरवं बटण दाबल्याबरोबर, पापणी लवायच्या आत, पडद्यावर 'पिन ओके' किंवा 'चुकीचा पिन' आलं, तर उत्तर चिपने दिलंय. हिरवं बटण दाबल्यावर मशीन आधी 'जोडणी सुरू आहे', 'थांबा' असं काही दाखवतं आणि काही सेकंदांनी निकाल देतं, तेव्हा उत्तर बँकेचं असतं. यातला एक प्रकार फार फसवा आहे: आधी 'पिन ओके', आणि थोड्या वेळाने 'व्यवहार नाकारला'. लोक इथे पुन्हा पुन्हा पिन टाकून बघतात. पण मशीनने स्पष्ट सांगितलेलं असतं की पिन बरोबर आहे! नकार दुसऱ्याच कारणाने आलाय. परदेशी व्यवहार बंद असतील, दिवसाची मर्यादा संपली असेल, किंवा अनोळखी देशातला व्यवहार पाहून बँकेच्या फसवणूक-तपासणीने तो अडवला असेल.

चुकीचे प्रयत्न मोजण्याचीही दोन वेगळी खाती असतात. चिपचा स्वतःचा मोजणारा असतो, बहुतेक कार्डांवर तो तीन प्रयत्नांचा. बँकेचा वेगळा. चिपमध्ये तीन चुका झाल्या की चिप ऑफलाइन पिन घेणं बंद करते, आणि कित्येकदा बँकेला त्याचा पत्ताही नसतो, कारण ते प्रयत्न बँकेपर्यंत पोहोचलेलेच नसतात. म्हणूनच फोनवरच्या माणसाने तुम्हाला 'सगळं व्यवस्थित' सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या पडद्यावर खरंच सगळं व्यवस्थित होतं. तुमचं कार्ड त्यानंतरही एटीएममध्ये चाललं असतं, कारण तिथे चिपमधल्या पिनशी संबंध नाही. बँकेकडचा मोजणारा काही बँकांमध्ये दुसऱ्या दिवशी आपोआप शून्यावर येतो, काहींमध्ये नाही. चिपचा मोजणारा मात्र रात्र उलटली म्हणून सुधारत नाही. त्याला एक तर तिन्ही प्रयत्न संपण्याआधी बरोबर पिन मिळावा लागतो, नाही तर बँकेची आज्ञा.

यावरून माझा एक ठाम नियम झाला आहे आणि मी तो भेटेल त्याला सांगतो: परदेशात पिन दोनदा नाकारला गेला की तिसऱ्यांदा टाकू नका. कितीही खात्री असली तरी. दोनदा नकार आला म्हणजे तुमच्या आठवणीत चूक असण्यापेक्षा दुसरीकडे कुठे तरी गडबड असण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या प्रयत्नानंतर रद्द करून दुसऱ्या मार्गाने पैसे द्या, आणि मग शांतपणे शोध घ्या. पिन नुकताच बदललेला असेल, उत्तर लगेच आलं असेल आणि जुना पिन आठवत असेल, तर दुसरा प्रयत्न जुन्या पिनने करण्यात अर्थ आहे. तो चालला तर निदानही झालं आणि चिपचा मोजणाराही पूर्ववत झाला.

आता क्रेडिट कार्डाकडे. प्रत्येक चिपमध्ये ग्राहकाची ओळख कशी पटवायची याची एक यादी असते, पसंतीच्या क्रमाने: ऑनलाइन पिन, ऑफलाइन पिन, सही, किंवा काहीच नको. मशीन ती यादी वरून खाली वाचत जातं आणि आपल्याला जमणारी पहिली पद्धत घेतं. तुमच्या कार्डाच्या यादीत सही वर आणि पिन खाली असणार. दुकानात माणूस समोर असतो, सही घेता येते किंवा हल्ली तीही मागत नाहीत, त्यामुळे पिनची वेळ येत नाही. तिकीट मशीन, पेट्रोल पंपावरचं मशीन, वाहनतळावरचं मशीन, टोलनाका इथे सही घ्यायला कोणी नसतं. मशीन सही ओलांडून पुढे जातं आणि पिनवर येऊन थांबतं. पिन यादीत होता म्हणूनच त्याने तो मागितला. म्हणजे तुमच्या क्रेडिट कार्डाला पिन बहुधा आहे, फक्त तुम्ही तो कधी घेतलेला नाही.

तो आधी मागून घ्या. काही बँका अॅपमध्ये लगेच दाखवतात किंवा ठरवू देतात, काही अजूनही टपालाने पाठवतात आणि त्याला दिवस लागतात, म्हणून हे काम निघायच्या आठवड्यात करू नका. अॅपमध्ये तुम्ही स्वतः पिन ठरवलात तर वरची चिपची गोष्ट इथेही लागू होते. क्रेडिट कार्डाच्या पिनने एटीएममधून रोख काढता येते, पण त्यावर सहसा पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर शुल्क लागतं. अगदी अडल्याखेरीज त्या वाटेला जाऊ नका.

काही बँकांच्या कार्डांवर खरेदीसाठी पिनच नसतो. अमेरिकी क्रेडिट कार्डांमध्ये हे बरंच दिसतं. अशा वेळी तिकीट खिडकीवर माणसाकडून तिकीट घ्या, किंवा मशीनवर टॅपचं चिन्ह असेल तर फोनमधल्या वॉलेटने पैसे द्या. फोनवर बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवलात की ओळख पटवण्याचं काम फोनने केलेलं असतं, कार्डाचा पिन लागत नाही. परदेशात पिनची अडचण आली की माझ्या मते हा सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. वॉलेटमध्ये कार्ड घरी असतानाच घाला, कारण ते घालताना बँक बहुधा एसएमएसने कोड पाठवते आणि परदेशात तुमचं घरचं सिम चालू असेलच असं नाही.

टॅपबद्दलही गैरसमज आहे. दिवसभर टॅप केलेलं कार्ड अचानक पिन मागतं किंवा 'कार्ड आत घाला' म्हणतं, आणि लोकांना वाटतं कार्ड बंद पडलं. बहुतेक देशांत बिनापिनच्या टॅपवर मर्यादा असते. युरोपीय संघाच्या नियमांत ती एका व्यवहाराला ५० युरो आहे, आणि शिवाय एकूण १५० युरो किंवा लागोपाठ पाच व्यवहार झाले की युरोपीय बँकेने पुन्हा ओळख पटवून घ्यायची असते. इतर देशांतल्या बँकाही आपापले असे हिशेब ठेवतात. तो नकार नसतो, मागणी असते. कार्ड आत घालून पिन टाका. ज्यांनी वर्षभर नुसतं टॅपच केलंय त्यांना नेमका इथेच पिन आठवत नाही.

आठवणीचा विषय निघालाच आहे तर आकड्यांच्या बटणांबद्दल. पुष्कळ लोकांना पिन आकड्यांनी आठवत नाही, बोटांना आठवतो. परदेशातलं मशीन छोटं असतं, बटणं जवळ असतात, कधी सपाट काचेचा पडदा असतो, आणि मागे रांग उभी असते. बोट चुकतं. काही जण पिन अक्षरांच्या शब्दाने लक्षात ठेवतात, पण सगळ्या देशांतल्या बटणांवर अक्षरं छापलेली नसतात. निघण्याआधी पिनचे आकडे मोठ्याने न उच्चारता मनात दोन-तीनदा म्हणून बघा. भाषा कळत नसेल तर रंग बघा, ते बहुतेक मशीनवर सारखेच असतात: हिरवं पुढे जाण्यासाठी, पिवळं शेवटचे आकडे पुसण्यासाठी, लाल रद्द करण्यासाठी. पाचाच्या बटणावर एक उंचवटा असतो, बटणं हाताने झाकून पिन टाकताना त्याचा उपयोग होतो.

पिन किती आकडी असावा? आंतरराष्ट्रीय मानकात चार ते बारा आकड्यांची मुभा आहे, आणि स्वित्झर्लंडसारख्या देशात सहा आकडी पिन सर्रास असतात. तरी निवड तुमच्या हातात असेल तर चार आकडीच ठेवा. चार आकडे प्रत्येक ठिकाणी स्वीकारले जातात, त्याहून लांब पिनच्या बाबतीत जुनी मशीन कशी वागतील याचा भरवसा नसतो.

एटीएमवर काही वेळा चालू, बचत की क्रेडिट असं विचारलं जातं. चुकीचा खातेप्रकार निवडला तर व्यवहार नाकारला जाऊ शकतो आणि दोष पिनवर ढकलला जातो. डेबिट कार्डाला एका पर्यायाने जमलं नाही तर दुसरा निवडून बघा, फक्त नकार पिनमुळे नव्हता याची खात्री करून. तुमच्या चलनात रक्कम दाखवून 'स्वीकारा' म्हणणारा पडदा आला तर तिथलं स्थानिक चलनच निवडा, दुसऱ्या पर्यायात दर जवळजवळ नेहमी महाग पडतो. शक्य असेल तेव्हा बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम वापरा, शाखा उघडी असताना. मशीनने कार्ड गिळलं तर आत जाऊन विचारता तरी येतं. आणि मशीनपाशी अडखळत असताना कोणी अनोळखी माणूस 'रद्द करा, पुन्हा पिन टाका' म्हणत मदतीला आला तर कार्ड काढून घेऊन निघा.

आता आधी करायची तयारी. पिन बदलायचाच असेल तर प्रवासाच्या बराच आधी बदला, आणि बदलल्यावर तुमच्याच बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घालून, टॅप न करता, थोडी रक्कम काढा. चिपपर्यंत नवा पिन पोहोचवण्याची ही सगळ्यात खात्रीची संधी. निघायला दोन दिवस उरले असतील तर पिन बदलूच नका, जुना चालू राहू द्या. अॅपमध्ये परदेशी वापर चालू आहे का ते बघा. दुकान, एटीएम आणि टॅप यांची बटणं अनेक अॅपमध्ये वेगवेगळी असतात, एक चालू केलं म्हणजे सगळी झाली असं नाही. सोबत दुसऱ्या बँकेचं एक कार्ड असू द्या, आणि दोन्ही कार्डं एकाच पाकिटात ठेवू नका. जर्मनीसारख्या देशात काही दुकानं फक्त तिथलं देशी कार्डच घेतात, तेव्हा पिन बरोबर असूनही उपयोग नसतो, म्हणून थोडी रोख हवीच. बँकेचा परदेशातून लागणारा फोन नंबर कार्डाच्या मागे असतो, पण कार्ड गिळलं गेलं तर तोही जातो, म्हणून वेगळा लिहून ठेवा.

बँकेला फोन कराल तेव्हा 'कार्ड चालत नाही' एवढंच सांगू नका. तारीख, वेळ, देश आणि रक्कम सांगा आणि विचारा, 'या वेळेला तुमच्याकडे व्यवहाराची विनंती आली होती का?' या एका प्रश्नावर बरंच ठरतं. विनंती आलीच नसेल तर अडचण चिपमध्ये किंवा मशीनमध्ये आहे. मग स्पष्ट म्हणा की चिपमधला ऑफलाइन पिन लॉक झाला असावा, तो मोकळा करण्याची आज्ञा पाठवता येईल का, आणि ती मिळण्यासाठी कुठल्या मशीनमध्ये कार्ड घालू. पहिल्या माणसाला हे कळलं नाही तर कार्ड विभागाकडे जोडून द्यायला सांगा. विनंती आली होती पण नाकारली असेल तर नकाराचा कोड विचारा. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे पिनचे प्रयत्न संपले. या दोन्हींखेरीज दुसरा कोड असेल तर पिनच्या मागे लागू नका: ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५७ म्हणजे या कार्डाला या प्रकारच्या व्यवहाराची परवानगी नाही, ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, ९१ म्हणजे बँकेची यंत्रणा त्या वेळी उत्तर देत नव्हती. ०५ हा मोघम नकार आहे, त्याचं खरं कारण बँकेलाच शोधावं लागतं. यातलं काहीही विचारताना तुमचा पिन सांगायची गरज नसते, आणि कोणी मागितला तर फोन ठेवा.

तुमचं ते डेबिट कार्ड अजून हातात असेल तर आता तुमच्या बँकेच्या एटीएममध्ये ते घालून नव्या पिनने पैसे काढा, आणि बँकेला चिपचा पिन मोकळा झाला का ते विचारा. त्यांना ते तपासता येत नसेल तर सरळ नवीन कार्ड मागवा, पुढच्या प्रवासात त्या जुन्या कार्डावर विसंबू नका. दुकानातली नाकारलेली पावती ठेवली असेल तर तिच्यावर दोन आकडी कोड आहे का बघा आणि इथे लिहा. कोड नसेल तर मशीनने उत्तर लगेच दिलं होतं की थांबून, एवढं आठवून सांगितलंत तरी पुरे.